रोमची सभा, चर्चची परिषद आणि गोमंतकातील गांवकारी

सभा ही संस्था एका देशाने निर्माण केली आणि इतरांनी ती त्याच्यापासून उचलली, असे मानण्यास आधार नाही. वैदिक वाङ्मयात 'सभा' आणि 'समिती' हे दोन्ही शब्द आढळतात. ग्रीक नगरांत व रोममध्ये नागरिकांचे मेळावे भरत. आमच्या महाराष्ट्रात गोतसभा होती, मजलस होती. चार माणसांनी एकत्र बसून निर्णय करावा ही बुद्धी सर्वत्र दिसते. यास्तव केवळ सभा भरत होती एवढ्यावरून एखाद्या समाजाचे कौतुक करणे घाईचे ठरेल. सभेत कोणाला आसन होते, कोणाला नव्हते, आणि ज्याला आसन नव्हते त्याच्यावर आतला ठराव कोणत्या अधिकाराने लादला जाई, हे पाहिल्यावाचून त्या सभेची खरी योग्यता कळत नाही. हा विचार तपासून पाहण्यास गोमंतकाच्या इतिहासाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. रोमच्या राजकीय परंपरेचे नाव मिरविणारी नगरसभा, त्याच परंपरेच्या छायेत वाढलेली कॅथलिक धर्मपरिषद आणि कोकणच्या मातीतून उगवलेली गांवकारी, या तिन्ही संस्था सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या तीन महालांत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

प्रथम रोमकडे वळू. रोमन प्रजासत्ताक आपला उल्लेख 'सेनेट आणि रोमन जनता' या जोडनावाने करी. सेनेट म्हणजे अधिकारपदे भूषवून आलेल्या वडीलधाऱ्यांची सभा. तिची संख्या दीर्घकाळ सुमारे ३०० होती. सुल्लाने ती दुप्पट केली. कायद्याने पाहता सेनेट सल्ला देई आणि कायदा करण्याचा व अधिकारी निवडण्याचा हक्क जनतेच्या सभांना असे. परंतु या सभांची रचना पाहिली म्हणजे 'जनता' या शब्दाचा अर्थ ध्यानात येतो. शतकांच्या सभेत, परंपरेने सांगितलेल्या तिच्या मूळ रचनेनुसार, १९३ मतगट होते. घोडदळाचे १८ आणि धनिकांच्या पहिल्या वर्गाचे ८० मिळून ९८ होत. म्हणजे बहुमत तेथेच पुरे होई. ज्यांच्याजवळ काहीच मालमत्ता नव्हती, ते सारे मिळून एका मतगटात बसविलेले. धनिकांचे एकमत झाले की मतमोजणी थांबे, आणि गरिबाचे मत विचारण्याची वेळच येत नसे. शिवाय या सभेत चर्चा होत नसे. भाषणे अगोदरच्या मेळाव्यात होत. मतदानाच्या दिवशी नागरिकाने 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगावयाचे.

ज्यांना आसन नव्हते त्यांनी काय केले? परंपरा अशी सांगते की, इ. स. पूर्व ४९४ मध्ये सामान्य प्लेबियन लोक नगर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले. सैन्यात लढणारे हात तेच असल्यामुळे उच्चकुलीनांना नमते घ्यावे लागले. त्यातून ट्रिब्यून हे पद निघाले. एखादा निर्णय अन्यायाचा वाटल्यास ट्रिब्यून उभा राहून 'मी मनाई करतो' एवढे म्हणे, आणि काम थांबे. प्लेबियनांची स्वतःची सभाही उभी राहिली. तिला लॅटिनमध्ये 'कॉन्सिलियम' म्हणत. इ. स. पूर्व २८७ च्या हॉर्टेन्सियसच्या कायद्याने या सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक झाले. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. मुळात तो बाहेर राहिलेल्यांच्या मेळाव्याचा शब्द होता. पुढे चर्चने आपल्या श्रेष्ठ परिषदेसाठी तोच स्वीकारला.

रोमच्या लोकसभा कोणी एका दिवसात मोडल्या नाहीत. ऑगस्टसने त्यांचे रूप जपले. त्याच्यामागून आलेल्या टायबेरियसच्या कारकिर्दीत, इ. स. १४ मध्ये, अधिकाऱ्यांच्या निवडणुका जनतेच्या सभेतून काढून सेनेटकडे नेण्यात आल्या. नेर्वाच्या काळानंतर, म्हणजे पहिल्या शतकाच्या अखेरीनंतर, लोकसभेने कायदा केल्याचे आढळत नाही. सेनेट शतकानुशतके भरत राहिली, पण सम्राटाची इच्छा ऐकून तिला मान डोलविण्यापुरती. सभेचे घर उभे असून सभा मरते, हा रोमने शिकविलेला पहिला धडा होय.

ख्रिस्ती समाज या साम्राज्यातच वाढला आणि त्याने साम्राज्याची भाषा व रीत दोन्ही घेतल्या. प्रॉव्हिन्स, डायोसीस, क्युरिया हे चर्चचे शब्द मुळात रोमन कारभाराचे आहेत. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इ. स. २५६ मध्ये भरविलेल्या परिषदेत ८७ बिशपांनी एकामागून एक नावानिशी आपले मत सांगितले व ते लिहून ठेवण्यात आले. सेनेटमध्ये सभासदांना मत विचारण्याची पद्धत अशीच होती. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे पहिली सार्वत्रिक परिषद भरली. तिला सुमारे ३०० बिशप आले. परंतु ती बोलाविली सम्राट कॉन्स्टन्टाइनने, हेही विसरता येत नाही.

कॅथलिक परंपरेत परिषद श्रेष्ठ की पोप, हा वाद पुढे शतकानुशतके चालला. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टन्स येथे परिषद भरली तेव्हा एकाच वेळी तीन जण पोपपदावर हक्क सांगत होते. परिषदेचा अधिकार प्रत्यक्ष ख्रिस्तापासून आला असून पोपनेही तो मानला पाहिजे, असे तिने १४१५ मध्ये जाहीर केले, आणि १४१७ मध्ये एकच पोप निवडून फूट मिटविली. परिषदेच्या इतिहासातील हा तेजस्वी क्षण म्हटला पाहिजे. पण त्याच परिषदेने, सम्राटाचे अभयपत्र घेऊन आलेल्या यान हुसला ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळण्यास सोपविले. पोपला विचारण्याचे धैर्य असलेल्या सभेला बाहेरच्या माणसाचे ऐकून घेण्याचे धैर्य झाले नाही.

यानंतरची मोठी परिषद ट्रेंटची, १५४५ ते १५६३. प्रत्येक धर्मप्रांताने ठराविक काळाने आपली प्रांतिक परिषद भरवावी असे तिने ठरविले, आणि येथूनच आमचा विषय युरोप सोडून मांडवीच्या तीरावर येतो.

गोवा शहर १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. तेथील नगरसभेला लिस्बनच्या नगरसभेसारखे अधिकार मिळाले, आणि ती 'सेनादो' हे रोमन नाव अभिमानाने मिरवू लागली. तीत पोर्तुगीज सरदार बसत, कारागिरांचे प्रतिनिधीही बसत. हिंदू रहिवाशाला मात्र तेथे आसन नव्हते. तथापि शहराबाहेर पाऊल टाकताच पोर्तुगीजांना दिसले की, येथील खेड्यांत आधीपासून सभा भरत आहेत. त्या म्हणजे गांवकाऱ्या.

गांवकारीची हकीकत महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली तयार केलेल्या सनदेत नमूद आहे. पूर्वी चार माणसे एखाद्या ओसाड ठिकाणी आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली, आणि त्यांचे वंशज गांवकर झाले, अशी लोकांत चालत आलेली समजूत त्या सनदेत ग्रथित झाली आहे. गावची जमीन कोणा एकाची नसे, ती गांवकारीची. खाऱ्या पाण्यापासून खाजन शेते राखणारे बांध घालणे, मानशींची दारे दुरुस्त करणे, शेते लिलावाने देणे, सरकारचा धारा भरणे आणि उरलेले उत्पन्न 'जोण' म्हणून वाटून घेणे, ही तिची कामे. गांवकरांची घराणी 'वांगडां'त विभागलेली असत. ठरावाला 'नेम' म्हणत आणि कुळकर्णी तो लिहून ठेवी. गावच्या सभांच्या वर तिसवाडीच्या आठ प्रमुख गावांची एक मोठी सभा असे. करमळी, नेवरा, एला, कळापूर ही त्यांपैकी काही गावे. ठराव एकमताने व्हावा अशी चाल होती. एका गांवकराने नकार दिला तरी काम अडे. रोमच्या ट्रिब्यूनची मनाई आणि करमळीच्या गांवकराचा नकार यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध काही नाही. पण संख्येच्या जोरावर कोणाला चिरडू नये ही भावना दोहोंच्या मुळाशी एकच आहे.

मेशियाच्या सनदेने गांवकारी मोडली नाही. उलट तिच्या चालीरीती मान्य केल्या. घाव पुढे आला, आणि तो दुसऱ्या एका सभेकडून आला. गोव्यातील पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ मध्ये भरली; पुढे १५७५, १५८५, १५९२ आणि १६०६ मध्ये आणखी चार भरल्या. पहिल्या परिषदेने प्रारंभीच असे तत्त्व मांडले की, बळाने किंवा धाक घालून कोणालाही धर्मात आणणे उचित नाही. हे तत्त्व उदात्त आहे यात शंका नाही. परंतु त्यामागोमाग जे ठराव आले त्यांत मूर्ती नष्ट कराव्यात, हिंदूंच्या धर्मगुरूंना हद्दपार करावे, त्यांचे उत्सव व संस्कार बंद पाडावेत, आणि हिंदूंच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीने ख्रिस्ती प्रवचनास बसवावे, अशी कलमे होती. तत्त्व आणि ठराव यांत एवढे अंतर कसे पडले? परिषदेतील मंडळी सारी दुष्ट होती असे म्हणून मोकळे होणे इतिहासाला शोभणार नाही. आमच्या मते कारण सभेच्या रचनेतच होते. ज्यांच्या घरात, देवळात आणि लग्नमंडपात हे ठराव शिरणार होते त्यांच्यापैकी एकही त्या दालनात बसलेला नव्हता. 'हे बळच नव्हे काय?' असा साधा प्रश्न विचारणारा तेथे कोणी नव्हता.

धर्मपरिषदेचे ठराव राजसत्तेच्या आज्ञा झाल्या आणि गांवकारीच्या आत शिरल्या. हिंदू कुळकर्ण्याच्या जागी ख्रिस्ती लेखक नेमावा. ख्रिस्ती गांवकरांनी हिंदू गांवकरांवाचून ठराव करावा, हिंदूंनी मात्र ख्रिस्त्यांवाचून करू नये. जेथे ख्रिस्ती अधिक तेथे हिंदूंनी सभेस येऊच नये. सह्या प्रथम ख्रिस्त्यांनी कराव्यात, हिंदूंनी मागून. बांध तेच राहिले, शेते तीच राहिली, बसण्याची जागाही बहुधा तीच राहिली; पण एकाच पूर्वजाच्या वंशातील दोन चुलत भावांपैकी एक आत बसला आणि दुसरा बाहेर उभा राहिला. ज्या सभेचे वैशिष्ट्य एका माणसाच्या नकारात होते, तिच्यात नकार देणाऱ्यालाच दार बंद झाले. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा खाडीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली. आज मंगेशी व कवळे येथे त्यांची देवालये आहेत. रोमचे प्लेबियन टेकडीवर जाऊन परत आले, कारण नगराला त्यांची गरज होती. खाडी ओलांडून गेलेल्यांना परत बोलाविणारे कोणी नव्हते.

जे गेले नाहीत त्यांच्यापैकी साष्टीतील कुंकळ्ळीची कथा प्रसिद्ध आहे. १५ जुलै १५८३ रोजी तेथे पाच जेझुइट मारले गेले. देवळे पाडल्याचा संताप त्यामागे होता. तरी ती हत्याच होती, हे सांगितले पाहिजे. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलाविण्यात आले आणि तेथे त्यांना ठार करण्यात आले. एक जण नदीत उडी टाकून निसटला असे सांगतात. त्या भागातील गावांच्या जमिनी गांवकरांच्या हातून काढून परक्या मालकाकडे सोपविण्यात आल्या. बोलण्याची जागा बंद झाली की हातात शस्त्र येते, आणि मग बोलण्याचे निमंत्रणसुद्धा विश्वासाचे उरत नाही. कॉन्स्टन्सचे अभयपत्र आणि असोळणेचे आमंत्रण यांत पावणेदोनशे वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर आहे. दोन्हीचा शेवट मात्र एकसारखा झाला.

केवळ आसन मिळाले म्हणजे सर्व झाले असेही नव्हे. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस याने १५९९ च्या जून महिन्यात केरळात उदयंपेरूर येथे सिनड भरविली. तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाचे १५३ पाद्री आणि सुमारे ६६० गृहस्थ तीत उपस्थित होते. संख्येने पाहता ही सभा व्यापक म्हणावी लागेल. पण ठरावांचे मसुदे मेनेझिसने अगोदरच तयार करून आणलेले होते. उपस्थितांनी रोमन नागरिकाप्रमाणे मान्यता तेवढी द्यावयाची. अशी मान्यता टिकली नाही. १६५३ मध्ये त्याच समाजाच्या मोठ्या भागाने मट्टांचेरी येथे शपथ घेऊन जेझुइटांची सत्ता झुगारून दिली.

याच मेनेझिसच्या कारकिर्दीत १६०६ ची पाचवी परिषद झाली आणि तिने असा निर्बंध घातला की, स्थानिक भाषा शिकल्यावाचून कोणा पाद्र्याकडे गावचे चर्च सोपवू नये. साहित्याच्या अभ्यासकांना या ठरावाचे मोल वेगळे सांगावयास नको. १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण याच वातावरणातले. ज्या परंपरेने हिंदूंचे ग्रंथ दूर सारले, तिच्यातच मराठीचे एक मोठे काव्य निपजले. कारण उघड आहे. लोकांशी बोलावयाचे असेल तर लोकांची भाषा हवी, एवढे त्या सभेला उमगले होते. हे भान टिकले नाही; १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी अशी आज्ञा काढली. ती निष्फळ झाली, हे गोमंतकाच्या आजच्या बोलीवरूनच दिसते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. परकी सभा वाईट आणि आपली सभा निर्दोष, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो खरा नव्हे. गांवकारीत गांवकराच्या पुरुष वंशजालाच स्थान होते. शेतात राबणारा कुळवाडी, भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, आणि गावातील कोणतीही स्त्री यांना तेथे आवाज नव्हता. बांध फुटला तर प्रथम यांचीच घरे पाण्यात जात. तरी बांधाविषयीचा नेम त्यांच्यामागे होई. घाटावरील गोतसभा या बाबतीत थोडी अधिक व्यापक दिसते. तिच्या महजरांवर पाटलाच्या नांगराबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत, आणि शिवेच्या वादात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. पण ज्याच्या साक्षीवाचून शीव ठरत नसे, त्याला गावात बरोबरीने बसता येत नव्हते. साक्षीदाराचे स्थान आणि सभासदाचे आसन यांतील फरक आम्ही शतकानुशतके कायम ठेवला. १५६७ च्या परिषदेला आम्ही जो प्रश्न विचारतो तोच आमच्या गावच्या पाराला विचारण्याचे धैर्य आमच्यात असावयास हवे.

काळ पुढे गेला तशी ही आसने हळूहळू वाढत आली. गोव्यातील धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपल्यावर, १९६२ च्या पंचायत नियमाने गोव्याच्या गावात प्रौढ मतदानावर निवडलेली पंचायत आली. गांवकारीच्या उत्तरकालीन रूपाला 'कोमुनिदाद' म्हणतात, ती तिच्या शेजारी जमिनींपुरती उरली. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. त्याच सुमारास चर्चनेही आपली परिषद पुन्हा भरविली. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेत जगभरचे बिशप होते. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे त्यांतील एक भारतीय. या परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला, धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला, आणि १९६५ च्या आपल्या घोषणेत हिंदू धर्माचा उल्लेख आदराने केला. गोव्याच्या पहिल्या परिषदेनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी हे घडले. तेव्हा ज्या देशांविषयी बोलावयाचे त्या देशांतील माणसे या वेळी दालनात बसलेली होती, ही गोष्ट आम्हांस गौण वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोम येथे भरलेल्या, सल्लागार स्वरूपाच्या बिशपांच्या सिनडमध्ये प्रथमच स्त्रियांनी मत दिले. त्यांची संख्या पन्नासाहून अधिक होती.

आमच्या देशातही त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा हा घटनेतील शब्द झाला, आणि पंचायतीत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. त्या दुरुस्तीनुसार पंचायतींच्या निवडणुका घेण्यात आमचा मध्य प्रदेश १९९४ साली पहिला ठरला, याचा भोपाळच्या रहिवाशांना योग्य अभिमान आहे. पण निवडून आलेल्या सरपंच बाईच्या खुर्चीवर तिचा पती बसतो आणि ती दाराशी उभी राहते, अशी दृश्ये सर्वथा नाहीशी झालेली नाहीत. टायबेरियसने लोकसभा मोडली नव्हती, हे येथे आठवते.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. रोमच्या सभांचा पाठ आपण वर्गात शिकवितो तेव्हा सभासदसंख्या, मतगट आणि सनावळी यांवर थांबतो, आणि परीक्षेतही तेच विचारतो. त्याऐवजी विद्यार्थ्याला आधी एवढे विचारावे: या सभेच्या दाराबाहेर कोण उभे होते, आणि आत झालेल्या ठरावाचा भार कोणी वाहिला? हा प्रश्न घेऊन मूल रोमहून निकियाला, निकियाहून करमळीला आणि करमळीहून आपल्या गल्लीतल्या बैठकीपर्यंत सहज चालत येईल. मग कॉन्सिलियम, परिषद आणि गांवकारी हे तीन देशांचे तीन परके शब्द त्याला राहणार नाहीत. पुढे केव्हातरी ते स्वतः एखाद्या सभेत बसेल, तेव्हा ठरावावर हात वर करण्यापूर्वी दाराकडे एकदा पाहील. इतिहास शिकविण्याचे एवढे फळ मिळाले तरी आमचे श्रम वाया गेले नाहीत असे आम्ही मानू.